सही माझी, सरपंच मात्र आमचे हे

नमस्कार सरपंचताई,

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या मुलीच्या बरोबरीच्या असाल, एरवी मी सरळ अगंतुगंच केलं असतं, पण पत्रात तुम्ही लिहिलंय की गावात एक माणूस तुम्हाला सरपंच म्हणून हाक मारत नाही, सगळ्यांच्या तुम्ही वहिनी नाहीतर अमक्याची सून, म्हणून या उत्तरात तरी मी अहोजाहोच करणार आणि सरपंचताईच म्हणणार.

बाकीच्या वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते, नाव-गाव ताईंच्या इच्छेप्रमाणे गाळलंय. मराठवाड्यातलं मध्यम गाव. ताईंचे मिस्टर कित्येक वर्षं सरपंचकीच्या तयारीत होते, लोकांची कामं करत फिरत होते, आणि सोडत निघाली ती सर्वसाधारण महिलेची. मग घरातून ताईंचा फॉर्म भरला, थेट जनतेतून निवडणूक झाली, ताई निवडून आल्या. बीए आहेत, समाजशास्त्र घेऊन. आता ऑफिसात खुर्चीवर मिस्टर बसतात, ग्रामसेवकाचा फोन मिस्टरांना, पेमेंटचं डोंगल, म्हणजे डिजिटल सहीचं यंत्र, मिस्टरांच्या खिशात आणि ओटीपी येतो तो नंबरही त्यांचाच. २६ जानेवारीला झेंड्याच्या दोरीला हात ताईंनी लावला आणि ओढली मिस्टरांनी. सासरे म्हणतात आमच्या घरात पूर्वी पाटीलकी होती, आता सरपंचकी आली, पद घरात आहे ना मग कोण का बसेना. सासूबाई म्हणतात सून ऑफिसात बसली तर रानातलं, जनावरांचं, पोरांचं कोण बघणार. धाकट्या दिराचा जेसीबी आहे, गावातली बरीच कामं त्याच्याकडेच. एकदा ताई मासिक सभेला गेल्या तर समोर सासरे बसलेले, त्यांच्या पुढ्यात खुर्चीवर बसायचं कसं म्हणून सभा संपेपर्यंत उभ्याच राहिल्या. त्यावरून घरी बोलल्या तर आठवडाभर अबोला. आणि शेवटी विचारतात, मी नक्की कोण, सून का सरपंच? घर न मोडता सरपंच होता येतं का? आणि पुढच्या वेळी उभं राहावं का?

तुमचा पहिला प्रश्न आधी घेते कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त खातोय. तुम्ही दोन्ही आहात, आणि त्यात काहीही चुकीचं नाही, कुठलाच माणूस एकच काहीतरी नसतो. तुम्ही कॉलेजात हे शिकलाच असाल, राल्फ लिंटन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये हे मांडलं की समाजात प्रत्येकाला काही जागा असतात, त्या जागेला तो दर्जा म्हणाला, आणि त्या जागेबरोबर येणारे हक्क आणि जबाबदाऱ्या माणूस प्रत्यक्ष वागून दाखवतो त्याला भूमिका. काही दर्जे जन्मानं मिळतात, मुलगी म्हणून, अमक्या जातीची म्हणून, ते अर्पित. काही आपण मिळवतो, बीए, शिक्षिका, सरपंच, ते अर्जित. पुस्तकात हे एवढं सरळ वाटतं की परीक्षेत पाच मार्काला लिहून आपण मोकळे होतो. तुमच्या घरी जे झालंय ते मात्र असं आहे की दर्जा एका माणसाकडे आहे आणि भूमिका दुसराच माणूस करतोय. आणि या व्यवस्थेत गावातल्या कुणाचंच काही अडत नाही बघा, ग्रामसेवकाला ओळखीचा पुरुष मिळाला, सासऱ्यांना मुलगा खुर्चीवर दिसला, सरकारला कागदावर महिला सरपंच मिळाली, अडतंय ते फक्त तुमचं. म्हणून तर हे इतकं सहज चालू राहतं.

मी बरीच वर्षं ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांच्या प्रशिक्षणात काम केलंय, आणि तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ते सासऱ्यांच्या वाक्यावर. पद घरात आहे ना मग कोण का बसेना. हे तुम्हाला हट्टीपणाचं वाटतं, मला त्यात जुन्या काळाची पूर्ण समज दिसते. पाटीलकी हे वतन होतं, म्हणजे पद खरंच घराण्याचं असायचं, बापाकडून मुलाकडे, आणि वतन एखाद्या बाईच्या नावावर आलं तर तिच्या वतीनं काम बघायला पुरुष माणूस ठेवायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. कुलकर्णी वतनं तेव्हाच्या मुंबई राज्यात १९५० च्या कायद्यानं गेली, मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं, पोलीस पाटील राहिला पण तो १९६७ च्या कायद्यानं नेमला जातो, घराण्यावर नाही. पद गेलं पण पाटील म्हणून मिळणारा मान नाही गेला, आडनाव नाही गेलं, आणि पद घराचं असतं ही समज तर अजिबात गेली नाही. तुमच्या सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर सरपंचकी ही नवी पाटीलकीच आहे, तुमच्या नावावर आलेलं वतन आहे आणि मुलगा तुमच्या वतीनं काम बघतोय. त्यांना तुम्हाला कमी लेखायचं आहे असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही, त्यांना हा फरकच कुणी सांगितला नाही की हे पद घराण्याचं नाही, मतदारांनी एका माणसाला दिलेलं आहे आणि ते उसनं देता येत नाही.

हा फरक कायद्यात अगदी स्पष्ट आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, तिनं एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. राज्यात साधारण २८ हजार ग्रामपंचायती आहेत, म्हणजे निम्म्या गावांत कागदावर तरी सरपंच बाई आहे, विचार करा केवढ्या घरांत आत्ता हेच चालू असेल. तुम्ही एकट्या नाही आहात. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयालाही या सरपंच पती प्रकारासाठी २०२३ मध्ये समिती नेमावी लागली. ग्रामपंचायत कायदा १९५८ चा आहे, त्यात सरपंच आहे, उपसरपंच आहे, सदस्य आहेत, ग्रामसभा आहे, सरपंचाचा नवरा असं पद शोधून सापडणार नाही. ग्रामसभेला मिस्टर मतदार म्हणून येऊ शकतात, प्रश्न विचारू शकतात, मासिक सभेच्या कामकाजात मात्र त्यांना भाग घेता येत नाही.

आता दुसरा प्रश्न, घर न मोडता कसं. होतं, पण तुम्ही सुरुवात सगळ्यात अवघड टोकाकडून केलीत. पहिलं भांडण सासऱ्यांशी, खुर्चीवरून. रॉबर्ट मर्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये दाखवून दिलं की एकाच दर्जाला एकच भूमिका नसते, एका जागेवरच्या माणसाचा वेगवेगळ्या लोकांशी संबंध येतो आणि प्रत्येकाची त्याच्याकडून अपेक्षा वेगळी असते, त्या सगळ्याचा मिळून भूमिकासंच. सरपंच म्हणून तुमच्या संचात कोण कोण आहे बघा, ग्रामसेवक, बँकेचा मॅनेजर, गटविकास अधिकारी, सदस्य, पाणीपट्टी थकवणारा, नळाला पाणी येत नाही म्हणून घागर घेऊन आलेली बाई, अंगणवाडीची ताई, शाळेचे हेडमास्तर, आणि त्याच सभेत समोर बसलेले तुमचे सासरे. यातल्या प्रत्येकाची अपेक्षा बदलायला सारखाच जोर लागत नाही. ज्यांचं तुमच्याशी नातं फक्त नियमाचं आहे तिथून सुरू करायचं, आणि ज्यांचं नातं जन्माचं आणि जेवणाचं आहे त्यांना शेवटी घ्यायचं. तोपर्यंत गावाला तुम्हाला सरपंच म्हणून बघायची सवय लागलेली असते आणि घरातल्या मोठ्यांनाही गावाच्या मागे जाणं सोपं पडतं.

म्हणून पहिला माणूस ग्रामसेवक, आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण गावात सगळे ग्रामसेवकच म्हणतात. तो काही तुमचा दीर नाही, सासरा नाही, तो पगारी कर्मचारी आहे आणि त्याचं सगळं कागदावर चालतं. त्याला भांडून काही सांगायचं नाही, एक साधं पत्र द्यायचं, सरपंचाच्या लेटरहेडवर, की यापुढे ग्रामपंचायतीच्या कामासाठी माझ्याशी या नंबरवर संपर्क करावा, आणि मासिक सभेची नोटीस, अजेंडा, प्रोसिडिंग आणि कॅशबुक मला सभेआधी वाचायला मिळावं. आवक नंबर टाकून पोच घ्या. तो मिस्टरांना सांगेल, सांगू दे, तुम्ही आधीच सांगून ठेवा म्हणजे लपवलं असं होणार नाही.

मग डोंगल. इथे मला तुम्हाला जरा घाबरवायचंच आहे. केंद्राकडून गावाला येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशाचं पेमेंट तुमच्या आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीनं होतं, ते डोंगल म्हणजे तुमची सही आहे, नवऱ्याच्या खिशात डोंगल म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखं. उद्या ऑडिटमध्ये आक्षेप निघाला, काम झालं नाही आणि बिल निघालं असं झालं, तर वसुली तुमच्या नावावर, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली पदावरून काढायची कारवाई तुमच्यावर, आणि मिस्टरांना त्या नोटिशीत कुठेच काही होणार नाही कारण कागदावर ते नाहीतच. हे त्यांना याच शब्दांत सांगा, तुम्ही मला बसू देत नाही असं नाही सांगायचं, मला नोटीस आली तर आपलं घर अडकेल असं सांगायचं, आणि ते खोटं नाहीये, अगदी खरं आहे. मोबाईल नंबर तुमचा करून घ्यायला बँकेत आणि पंचायत समितीत स्वतः जा, त्यांनाच गाडीवर सोडायला सांगा हवं तर, पण काउंटरवर तुम्ही बोला.

आणि दिराचा जेसीबी, हे तुम्ही पत्रात सहज एका ओळीत लिहून पुढे गेलात पण मला हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर कलम १४ खाली सदस्यत्व जातं, आणि एकत्र कुटुंबातल्या दिराला काम मिळतंय, त्याचं बिल तुमच्या सहीनं निघतंय, विरोधातल्या कुणीही कलेक्टरकडे अर्ज केला की तुम्हाला उत्तर देत बसावं लागेल. तीच गोष्ट अतिक्रमणाची. सासऱ्यांनी कधीकाळी गायरानावर गोठा बांधला असेल तर तोही तुमच्या अंगावर येऊ शकतो, कारण सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये म्हटलंय की कुटुंबानं केलेल्या अतिक्रमणाचा फायदा घेणाराही अपात्र ठरतो. बघा, इथे कायदासुद्धा तुमच्यात सून बघतो! जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाचं पद असंच गेलं होतं, आरोप काय तर सरकारी जागेवरच्या घरात सासूबरोबर राहतात, त्या सांगत होत्या की मी नवरा-मुलांबरोबर वेगळी भाड्यानं राहते, कुणी ऐकेना, शेवटी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना पद परत दिलं आणि निकालात स्पष्ट लिहिलं की बाई सरपंच झाली हे गावातल्या लोकांना पचलेलं नाही. तेव्हा दिराला सांगा की माझी मुदत संपेपर्यंत आपल्या गावची कामं घेऊ नको, शेजारच्या गावात घे. हे सांगताना वाईटपणा येईल, तो मी कमी करून देऊ शकत नाही, पण हा वाईटपणा घेण्यासारखा आहे.

तिसरा टप्पा बायका. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे कायद्यात आहे आणि बहुतेक गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये होते, सह्या घरोघरी फिरवून. तुम्ही ती खरी घ्या. तिथे सासरे नसतात, मिस्टर नसतात, खुर्चीचा प्रश्न नसतो, मंदिरात नाहीतर शाळेत सतरंजी टाकून बसा. अजेंडा फार मोठा नको, दोन-तीनच गोष्टी. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा बंधित असतो, पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा, आणि पाणी कुठे येत नाही हे गावात कुणाला सगळ्यात नीट माहीत असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, मागच्या वर्षी त्यातून काय घेतलं ते ग्रामसेवकाकडून लिहून घ्या आणि बायकांना वाचून दाखवा. दुसरं काम म्हणजे घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावणं, नमुना ८ ला, अर्ज घेऊन ठराव करता येतो, खर्च जवळजवळ काही नाही. महाराष्ट्रात हे काही आभाळातून पडलेलं नाही, १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकरी पुरुषांनी आपणहून बायकांच्या नावावर जमीन केली होती. ज्या दिवशी तुमच्या सहीनं गावातल्या पाच-पन्नास बायकांची नावं घराला लागतील त्या दिवसापासून त्या तुम्हाला नुसतं वहिनी म्हणणार नाहीत. लोक तुम्हाला तुमच्या कामातून ओळखायला लागतात तेव्हाच भूमिका तुमची होते, नेमप्लेट लावून होत नाही.

मिस्टरांबद्दल तुमच्या पत्रात राग आहे आणि तो रास्त आहे. पण मला एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. त्या माणसानं कित्येक वर्षं मेहनत करून जी जागा मिळवायची ठरवली होती ती सोडतीच्या एका चिठ्ठीनं गेली. तुम्हाला दर्जा मिळाला तेव्हा त्यांचा हुकला, आणि तो सुद्धा घरातल्या घरात, बायकोकडे गेला, वर मित्रमंडळींत त्यांना चिडवत असतील ते वेगळंच. खुर्ची घेऊन बसणं ही त्यांची चूकच आहे, पण नुसतं उठा म्हटलं तर ते कुठे जाऊन बसणार याचं उत्तर त्यांच्याकडे नाहीये. त्यांच्या अंगात गावकीचं काम आहे, ते वाया जाऊ देऊ नका. विकास सोसायटीची निवडणूक आहे, शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते, बाजार समिती आहे, पोरं तिथल्या झेडपीच्या शाळेत असतील तर पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समिती आहे. आणि तुमच्या कामात सुद्धा ते मदत करू शकतात, तहसीलच्या चकरा, कागद शोधणं, माणसं गोळा करणं, हे सगळं तुमच्या सांगण्यावरून. एकांतात, जेवणं झाल्यावर, पोरं झोपल्यावर बोला, आणि तीनच गोष्टी मागा: डोंगल, मासिक सभेतली खुर्ची, आणि बिलावर सही करायच्या आधी वाचायचा वेळ. बाकी आत्ता काही मागू नका. या तीन गोष्टींवर मात्र मागे येऊ नका, रडलात तरी चालेल, मागे येऊ नका. आणि यावरून त्यांनी हात उगारला किंवा घराबाहेर काढायची भाषा केली तर मग हा नुसता पदाचा प्रश्न राहत नाही, तेव्हा माहेरी कळवा, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा, सरपंच असल्याची लाज त्यात आड येऊ देऊ नका.

सासरे आणि खुर्ची. तुम्ही उभ्या राहिलात सभा संपेपर्यंत, हे वाचून मला फार वाईट वाटलं. तुम्हाला एकच सांगते, मान देणं आणि जागा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी तुम्ही त्यांच्यासमोर खाली बसा, पदर घ्या, पाया पडा, तुम्हाला मनापासून वाटत असेल तर सगळं करा, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, डोक्यावर पदर घेऊन उत्तम सरपंचकी केलेल्या बायका मी पाहिल्यात. ऑफिसच्या दारात त्यांना नमस्कार करा, त्यांच्यासाठी चांगली खुर्ची मांडायला शिपायाला सांगा, मामा इथं बसा म्हणा, आणि मग तुमच्या खुर्चीवर बसा आणि सभा सुरू करा. पहिल्यांदा छातीत धडधडेल. सासरे सदस्य नसतील तर मासिक सभेच्या कामकाजात त्यांनाही तसा भाग घेता येत नाही, पण ते आत्ता काढू नका, ग्रामसेवकानं अजेंड्याबरोबर नियम वाचून दाखवला की आपोआप होईल आणि तुमच्या तोंडून जायला नको.

सासूबाईंचं मात्र म्हणणं मला खोटं नाही वाटत. जनावरं, स्वयंपाक, पोरं हे कुणीतरी करायलाच लागतं आणि तुम्ही ऑफिसात गेलात की ते त्यांच्या नाहीतर जाऊबाईंच्या अंगावर पडतं. घरातल्या एका बाईचा दर्जा वाढला आणि त्याचं ओझं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर गेलं तर ती तुमच्या बाजूनं कशी उभी राहील. म्हणून आठवड्यातले दोन दिवस ठरवून ऑफिसला जा, त्या दिवशीची धार मिस्टरांकडे नाहीतर दिराकडे द्या, आणि मानधन येतं ना सरपंचाला, त्यातून कामाला बाई लावता येते का बघा. मानधन तुमच्या खात्यात येतंय ना, हे पण तपासा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही ते. पत्रात एक ओळ आहे, की आमच्या एक सदस्य बाई आहेत वस्तीवरच्या, त्या तर दाराजवळ सतरंजीवरच बसतात, त्यांचं काही म्हणणं नसतं. ताई, ही ओळ मी सोडून देऊ शकत नाही. तुम्ही खुर्ची असून उभ्या राहिलात याचं तुम्हाला दुःख आहे, आणि त्याच खोलीत तुमच्याइतकीच निवडून आलेली एक बाई जमिनीवर बसलेली आहे, आणि तुम्हाला ते तिचं आपलं बसणं वाटतं. तुम्हाला सून हा एकच दर्जा आडवा येतो, तिला बाई असणं आणि जात असे दोन येतात. एव्हरेट ह्यूज या समाजशास्त्रज्ञानं १९४५ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या डॉक्टरांचं उदाहरण दिलं होतं, की माणूस डॉक्टर झाला तरी लोक त्याला आधी काळा म्हणून बघतात आणि मग डॉक्टर, एक दर्जा बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. आपल्याकडे हे सांगायला अमेरिकेत जायचीही गरज नाही, डॉ. आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितलं ते हेच, की इथे प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे मिळून कधी उभे राहत नाहीत. तुमच्या गावात ही उतरंड एका खोलीत दिसतेय, वर खुर्चीवर मिस्टर, मध्ये उभ्या तुम्ही, खाली सतरंजीवर त्या. तुम्ही मिस्टरांना उठवून स्वतः बसलात आणि त्या तिथेच राहिल्या तर मी म्हणेन काहीच बदललं नाही.

आणि हे तुमच्या हातात आहे, आजच आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या मासिक सभेत सगळ्या सदस्यांच्या खुर्च्या गोलात मांडायला सांगा, त्यांची तुमच्या शेजारी. त्या नको म्हणतील, संकोचतील, तुम्ही आधी त्यांच्या घरी जा, त्यांच्याकडचा चहा घ्या, आणि सांगा की मला पण बसायला भीती वाटते, आपण दोघी एकदमच बसू. ठरावाला सूचक म्हणून त्यांचं नाव घ्या, त्यांच्या वस्तीच्या पाण्याचा विषय अजेंड्यावर एक नंबरला घ्या. घरातून याला विरोध जास्त होईल, तुमच्या खुर्चीपेक्षा जास्त, त्याची तयारी ठेवा. पण तुमच्याबरोबर उभी राहील अशी पहिली सदस्य तुम्हाला इथेच मिळणार आहे.

गावात असं बदलतं का, तर बदलतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद. विधवा हा दर्जा नवरा गेल्यामुळे आला तो काही ठरावानं जात नाही, पण त्या दर्जाच्या बाईनं कसं वागायचं हे गावानं ठरवलेलं होतं आणि गावानंच ते बदललं, आणि महिनाभराच्या आत राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला परिपत्रक काढलं. ग्रामसभेत एवढी ताकद असते आणि तिच्या अध्यक्ष तुम्ही असता. एका ठरावानं हेरवाडमधल्या प्रत्येक घरातलं सगळं संपलं असं मी म्हणणार नाही, पण ज्या बाईला घरात आपलं म्हणणं मांडायचंय तिच्या मागे आता गावाचा कागद आहे.

राहिला पुढच्या वेळचा प्रश्न. आरक्षण फिरतं, पुढच्या सोडतीत तुमच्या गावचं पद सर्वसाधारण निघू शकतं, आणि तसं झालं की घरात सगळे गृहीत धरतील की आता पुरुषांची पाळी. सर्वसाधारण म्हणजे पुरुषांसाठी राखीव नव्हे, तिथे बाईनं अर्ज भरायला कुठलीही आडकाठी नाही. मिस्टरांना उभं राहायचं असेल तर त्यांनीही जरूर मागावं, घरात बसून दोघांनी कामाचा हिशोब मांडावा आणि ठरवावं. तुम्ही मला आत्ता विचारलंत म्हणून आत्ताचं सांगते, डोंगल तुमच्याकडे आलं, खुर्च्या गोलात लागल्या आणि महिला सभा खरोखर भरायला लागली तर अर्ज भरा.